टेंभुरडोहची हजेरी

टेंभुरडोह हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, त्यात तुमची चूक नाही. कळंबपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव, गावाला लागून राठोडांचा तांडा, आणि दोघांच्या मधून गेलेले रेल्वेचे रूळ. तिथे एक हॉल्ट आहे. हॉल्ट म्हणजे स्टेशन नव्हे. स्टेशनात मास्तर असतो, पंखा असतो, चहा मिळतो. हॉल्टवर फक्त खेमसिंग असतो.

खेमसिंग राठोड रेल्वेचा नोकर नाही. तो कंत्राटावर तिकिटं विकतो. कळंबच्या स्टेशनातून छापील तिकिटांचे गठ्ठे आगाऊ पैसे भरून आणायचे, इथे शिक्का मारून विकायचे आणि विक्रीवर जे काही कमिशन मिळेल ते घ्यायचं. त्या कमिशनातून घरची चहापत्ती सुटली तरी पुष्कळ. पण माणसाचा थाट असा, की सगळी रेल्वे याच्याच जिवावर चालली आहे. खाकी शर्ट, त्याला इस्त्री, कानावर बॉलपेन, आणि तिकिटं ठेवायला बिस्किटाचा पत्र्याचा डबा. रूळ गेले ते त्याच्याच वावरातून. तीन एकरांपैकी दीड एकर गेलं. मोबदल्याचे पैसे बायकोच्या, धनीबाईच्या आजारात संपले. हॉल्टच्या कंत्राटाची जाहिरात आली तेव्हा गावात कुणालाच त्यात राम दिसला नाही. खेमसिंगने मात्र अर्ज ठोकला. मी विचारलं, "काहून गा, या वयात हे लचांड कायले?" तर म्हणाला, "वावर माहं, गाडी माह्या धुऱ्या-बांधावर थांबन, त मंग तिकीट दुसऱ्यानं विकावं काय?"

त्याआधी सव्वीस वर्षं तो एका आश्रमशाळेत चौकीदार होता. सकाळ-संध्याकाळ पोरांची हजेरी घ्यायची हे त्याचं काम. नोकरी संपली, पण सवय सुटली नाही. गाडीला दहा मिनिटं उरली की तो तिकिटघरातून बाहेर येतो, काखेत शाळेतला असतो तसा लाल पुठ्ठ्याचा कॅटलॉग, आणि फलाटावर उभ्या असलेल्या धडधाकट माणसांची नावं पुकारतो. 'हाजर' म्हटल्याशिवाय पुढचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो होतो. महिनाभराने एखाद्या दिवशी त्याचा घसा बसला की आम्हालाच चुकल्यासारखं वाटायला लागलं. संध्याकाळी गाडी परत आली की पुन्हा हजेरी. सकाळी गेलेलं कुणी उतरलं नाही, तर हा त्याच्या घरी जाऊन सांगून यायचा, की तुमचा माणूस मागे राहिला, काळजी करू नका. बायाबापड्यांना त्याचा केवढा आधार होता.

नावं घरांच्या क्रमाने. फलाटापासून पहिलं घर त्याचंच, म्हणून पहिलं नाव धनीबाई राठोड. दुसरं घर माझं, म्हणून दुसरं नाव किसनराव. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथालयात आहे, बावीस वर्षं झाली. पुस्तकं देतो, घेतो, आणि उरलेल्या वेळात वाचतो. त्यामुळे गावात कुणाकडे कागद आला की तो माझ्याकडे येतो, आणि मीही चष्मा पुसून, घसा खाकरून, जरा ऐटीतच वाचतो. ही ऐट लक्षात ठेवा.

धनीबाईच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवारी आणि गुरुवारी तिला वर्ध्याच्या दवाखान्यात मशीनवर झोपावं लागतं, अकरा ते तीन. गाडी नव्हती तेव्हा खेमसिंग तिला मोटरसायकलवर बसवून चार किलोमीटरवरच्या फाट्यावर न्यायचा, तिथून एसटी. जाताना एवढं नाही, पण मशीनवरून उठलेलं माणूस म्हणजे पिळून काढलेलं फडकं. एकदा संध्याकाळी ती फाट्यावर एसटीतून उतरताना रस्त्यावरच कोसळली. त्यानंतर तिने दोन आठवडे दवाखान्याचं नावच काढू दिलं नाही. "मरन आलं त घरी येऊ दे, रोडावर नोको," असं म्हणायची. अंगावर सूज चढून तिचे डोळे दिसेनासे झाले होते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गाडी सुरू झाली आणि ती वाचली, हे मी शपथेवर सांगेन. घरातून फलाट शंभर पावलांवर. फलाट म्हणजे मुरूम दाबून केलेला बुटका ओटा, डब्याची पायरी उंच, म्हणून खेमसिंगने बाभळीच्या लाकडाचं एक स्टूल करून घेतलं. गाडी थांबली की तो ते घेऊन तिसऱ्या डब्याच्या दाराशी पळायचा. धनीबाई वर चढली की माझ्यासमोरच्या खिडकीशी बसायची. वर्ध्याला उतरल्यावर आमच्या गावची कोकिळाबाई तिला सोबत न्यायची, कारण कोकिळाबाईचा भाजीचा पसारा दवाखान्याच्या रस्त्यावरच. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने परत. सहा पंचविसाला टेंभुरडोह. स्टूल तिसऱ्या डब्यापाशी हजर. शंभर पावलं चालली की बाई आपल्या खाटेवर.

आता पासची गोष्ट. मागच्या वर्षी खेमसिंगला कुठूनसं कळलं, की रोज जाणाऱ्याला महिन्याचा पास निम्म्याहून कमी पैशांत पडतो. हॉल्टवर पास मिळत नाही, तो वर्ध्याच्या खिडकीवरच काढावा लागतो. या माणसाने स्वतः फॉर्म आणले, घरोघरी फिरून फोटो गोळा केले, डिंकाने चिकटवले आणि सगळा गठ्ठा शाहिदच्या हाती दिला. शाहिद आमच्या गावचा, वर्ध्यात मोटरसायकली दुरुस्त करतो. त्याने एका दिवसात एकोणतीस पास काढून आणले. खेमसिंगची रोजची तिकिटं त्या दिवसापासून छत्तीसवरून सातवर आली. मी म्हटलं, "अरे येड्या, तुह्यं कमिशन मारलं ना तू!" तर हसला. "मजुरीले जाणारी मानसं हायेत किसनभाऊ. त्याईचे पैसे वाचले म्हंजे झालं."

यंदा फाल्गुन सरता सरता गाडीचं काहीतरी बिनसलं. आधी आठ डबे यायचे, ते एके दिवशी सहा झाले, मग पाच. या मार्गावर दोन गाड्या आलटून पालटून धावत. त्यातली एक दुरुस्तीला गेली ती आलीच नाही. जी उरली तिच्या अंगावर दोघींचं काम पडलं. गाडी रोज उशिरा यायला लागली. माणसं दारात लोंबकळायला लागली. धनीबाईला बसायला जागा मिळावी म्हणून शाहिद आधी उडी मारून खिडकी धरायचा. आम्ही चिडायचो, पण भीती अशी वाटत नव्हती.

भीती पत्रातून आली. एका संध्याकाळी मी गाडीतून उतरलो, तर खेमसिंग कॅटलॉगऐवजी एक लिफाफा घेऊन उभा. हजेरी न घेताच त्याने मला बाजूला नेलं.

"वाचा बरं, भाऊ. मले सम्दं समजून नाई राह्यलं."

मी चष्मा पुसला. सरकारी मराठी म्हणजे दगडी ज्वारी, चावता चावत नाही. तरी सारांश असा होता, की डब्यांची कमतरता आहे, एकाच गाडीत सगळ्या फेऱ्या बसवायच्या आहेत, प्रत्येक थांब्याला चार मिनिटं खर्च होतात, तेव्हा ज्या हॉल्टवर रोज पंचवीसपेक्षा कमी तिकिटं खपतात तिथला थांबा नव्या वेळापत्रकात राहणार नाही. अंतिम मोजणी पुढचे पंधरा दिवस. खाली आणखी तीन-चार ओळी होत्या, आढावा, दिशा, स्वतंत्र, असले शब्द. त्या मी नजरेखालून घातल्या आणि कागद मिटला.

"किती तिकिटं म्हन्ली?"

"पंचवीस."

"अन् आपली सात." तो खाली मुरमात बसला. खेमसिंगला मी फलाटावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "छत्तीस मानूस जाते भाऊ रोज. कॅटलॉगात हाये."

"पासवाले मोजत नाहीत. पास वर्ध्याच्या खिडकीचे."

त्याने लिफाफा हातात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "पासा त मीच काढाले लावल्या." त्याच्या मागे, घराच्या ओट्यावर, धनीबाई कोकिळाबाईच्या हाताला धरून चढत होती. त्या दिवशी गुरुवार होता. तिने मागे वळून पाहिलं आणि हात केला, की येता ना घरी. त्याने लिफाफा पटकन शर्टाच्या आत घातला.

मी रागीट माणूस आहे, माझी भीतीही रागातूनच बाहेर पडते. रात्री जेवणात मीठ जास्त झालं म्हणून मी बायकोवर ओरडलो, आणि मीठ बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाल्यावर मी फलाटावर सगळ्यांना थांबवलं आणि पत्राचा अर्थ सांगितला. म्हटलं, "खिशात पास असो की नसो, पंधरा दिवस रोज इथून तिकीट घ्यायचं. नाहीतर पुढच्या महिन्यात गाडी आपल्या तोंडासमोरून जाईल."

कुरबूर झालीच. कोकिळाबाई म्हणाली, "पास हाये, वरून तिकीट घ्याचं? जायाचे वेगळे, येयाचे वेगळे? मी भाजी इकू का तुमच्या रेल्वेले पोसू?" दोघं-तिघं तिच्या बाजूने बोलले. एकदा एक फुटला की सगळे फुटणार, हे मला दिसत होतं.

तेव्हा मला अक्कल सुचली. मी म्हटलं, "येतानाचं तिकीट कोणी काढा म्हणतं? मोजणी इथल्या तिकिटांची आहे. सकाळी इथून एक तिकीट घ्या. संध्याकाळी वर्ध्याहून खुशाल पासवर या. निम्म्यात काम."

सगळ्यांना ते पटलं. शाहिद तर म्हणाला, "चच्चा, तुम्हारा दिमाग वर्ध्यात वाया चालला." कोकिळाबाईने पदराची गाठ सोडली आणि पहिली खिडकीशी गेली. मी छाती काढून उभा होतो. खरंच काढून उभा होतो.

पहिल्या दिवशी एकतीस तिकिटं गेली. दुसऱ्या दिवशी तेहतीस. खेमसिंग संध्याकाळी आकडा मला कानात सांगायचा, जसं काही मोठ्याने सांगितलं तर दृष्ट लागेल. पण त्याचं जेवण उडालं होतं. धनीबाईने मला गाडीत विचारलं, "भाऊ, याइले काय झालं? झोपीत नावं घेऊन राह्यले. हजेरी घेतात." तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, उन्हाचं होतं असं. ती म्हणाली, "मले सांगा बरं, गाडी बंद पडून राह्यली का?" मी पेपर उघडला आणि त्यात तोंड घातलं.

सातव्या दिवशी तिकिटंच संपली. हॉल्टला तिकिटं मिळायची ती मागच्या खपाच्या हिशेबाने, रोजची सात-आठ. एवढी एकदम लागतील हे ना त्याच्या ध्यानात आलं, ना माझ्या. सकाळी साडेसहाला त्याने डबा उघडला तर आत चार तिकिटं. त्याने कळंबचा रस्ता धरला. त्याची मोटरसायकल नेमकी शाहिदच्या गॅरेजात. म्हणून राजदीपच्या ऑटोतून गेला. हा राजदीप आमच्याच गावचा, टेंभुरडोह ते कळंब ऑटो चालवतो. गाडीचा थांबा गेला तर सगळ्यांत आधी फायदा कुणाचा, तर त्याचा.

आठ वाजले. सव्वीस माणसं हातात सुटे पैसे घेऊन बंद खिडकीसमोर उभी. आठ दहाची गाडी. मी रस्त्याकडे बघत होतो, मग रुळाकडे, मग पुन्हा रस्त्याकडे. कोकिळाबाई म्हणाली, "राजदीप कायले आनन त्याले टायमावर? तो काय खुळा हाये?" आठ पाचला दूरवर हॉर्न वाजला. पत्रात 'रोज' म्हटलं होतं, तेव्हा एक दिवस जरी शून्य गेला तरी सगळी मोजणी बुडाली, असं मी धरून चाललो होतो.

तेवढ्यात धुरळा दिसला. राजदीप रस्त्याने आलाच नाही, कापसाची पऱ्हाटी निघालेल्या रिकाम्या वावरातून ऑटो उडवत थेट तिकिटघराच्या मागे आणून उभी केली. खेमसिंग उतरला तो धावतच. घाईघाईत मारलेल्या शिक्क्यांच्या तारखा तिरप्या पडल्या. गाडी आली, थांबली. गार्डाने खाली पाहिलं, शेपटासारखी रांग पाहिली आणि शिट्टी तोंडात धरून दोन मिनिटं इकडेतिकडे बघत उभा राहिला. शेवटचं तिकीट माझं होतं. मी चढल्यावर पाहिलं, खेमसिंग राजदीपला पैसे देत होता आणि राजदीप त्याचा हात झिडकारत होता.

बाराव्या दिवशी रेल्वेचे एक साहेब आले. सभ्य माणूस. तिकिटांचे क्रमांक पाहिले, मोजले, मान हलवली. "राठोडजी, बत्तीसची सरासरी येतेय. उत्तम." मग बाभळीचं स्टूल पाहून विचारलं, "हे कशाला?" खेमसिंगने सांगितलं. साहेबांनी स्टुलावर एक पाय ठेवून पाहिला. जाता जाता म्हणाले, "आणि संध्याकाळी किती उतरतात?"

खेमसिंगने लाल कॅटलॉग पुढे केला. "छत्तीस, साहेब. तारीखवार हाये. हे पाहा, गैरहजर लाल पेनानं."

साहेबांनी दोन पानं उलटली. "छान ठेवलंय. पण हे आमच्या नमुन्यात बसत नाही हो." आणि कॅटलॉग परत दिला.

ते गेल्यावर खेमसिंग म्हणाला, "भाऊ, संध्याकाळचं कायले इचारलं असन?"

"साहेब लोकांना काहीतरी विचारावंच लागतं," मी म्हणालो. "बत्तीस आलेत. आता झोप शांत."

तो खरंच झोपला असावा. पंधरावा दिवस संपला त्या संध्याकाळी धनीबाईने आम्हा सगळ्यांना लापशी पाठवली. तिला स्वतःला गोड चालत नव्हतं, पाणीसुद्धा मोजून प्यावं लागायचं. तिने खेमसिंगकडून शेवटी सगळं काढून घेतलं होतं. मला म्हणाली, "माह्यासाठी पास असून तिकीट काढलं तुमी सम्द्याईनं. मी कवा फेडू?" मी म्हटलं, "बाई, गावासाठी केलं." खोटं बोललो. सगळ्यांनी तिच्यासाठीच केलं होतं.

नवं वेळापत्रक महिन्याच्या शेवटी आलं. खेमसिंगनेच पिठाची खळ करून ते तिकिटघराच्या भिंतीला चिकटवलं. सकाळच्या रकान्यात टेंभुरडोह, आठ दहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाहिदने मला खांद्यावर उचलायचा आव आणला. मग तो भिंतीजवळ गेला आणि म्हणाला, "चच्चा, इकडे संध्याकाळच्या रकान्यात काहीच नाही छापलेलं."

मी म्हटलं छपाईची चूक. जवळ गेलो. आमच्या नावापुढे एक आडवी रेघ होती. चूक नव्हती. खाली तारांकित टीप होती, की संध्याकाळच्या गाडीला या थांब्यासाठी पुरेसे प्रवासी आढळले नाहीत.

मी खेमसिंगकडे त्याचं ते जुनं पत्र मागितलं. त्याने ते कॅटलॉगात जपून ठेवलं होतं. मी न वाचलेल्या ओळी त्यात होत्या तशाच होत्या: दोन्ही दिशांच्या गाड्यांचा आढावा स्वतंत्रपणे घेण्यात येईल, परतीसाठी वर्ध्याच्या खिडकीवर त्या थांब्याची विकली गेलेली तिकिटं धरण्यात येतील. पंधरा दिवस आम्ही सकाळी बत्तीस तिकिटं काढली आणि संध्याकाळी माझ्या अकलेने पासवर आलो. वर्ध्याहून टेंभुरडोहचं तिकीट काढणारी होती ती फक्त पास नसलेली सात माणसं, आणि त्यांच्याबरोबर धनीबाई, सोमवारी आणि गुरुवारी. तिच्याकडे पास नव्हता. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याला तो परवडत नाही, हेही खेमसिंगनेच हिशेब करून सांगितलं होतं.

मी कागद हातात घेऊन उभा राहिलो. बावीस वर्षं पुस्तकांत काढलेला माणूस, आणि एका पानाचं पत्र शेवटपर्यंत वाचलं नाही. लाज वाटली, आणि ती लपवायलाही जागा नव्हती, कारण सगळे माझ्याकडेच बघत होते. कोकिळाबाईसुद्धा.

"खेमसिंग," मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे."

"तुमी त भलंच पाह्यलं, भाऊ," तो म्हणाला. "मी पासा काढल्या तवा मीबी भलंच पाह्यलं होतं." एवढं बोलून तो खळीची वाटी धुवायला नळावर गेला.

मी हात बांधून बसलो नाही. दुसऱ्याच दिवशी वर्ध्याच्या खिडकीवर जाऊन म्हटलं, संध्याकाळच्या गाडीची टेंभुरडोहची छत्तीस तिकिटं द्या. खिडकीतला मुलगा भला होता. त्याने दोनदा बटणं दाबून पाहिली. "काका, त्या गाडीला तिथे थांबाच नाही. तिकीट निघत नाही." मी म्हटलं, तिकीट निघाल्याशिवाय थांबा मिळत नाही. तो म्हणाला, "हो ना." मी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, या वेळी प्रत्येक ओळ तीन-तीनदा वाचली. उत्तर आलं, की डबे उपलब्ध झाल्यावर विचार केला जाईल. गाडी अजून पाच डब्यांचीच आहे.

तेव्हा आता असं आहे. सकाळी आम्ही धुऱ्यावरून गाडीत चढतो आणि संध्याकाळी ती आम्हाला कळंबला नेऊन सोडते. तिथून राजदीपची ऑटो. ती भरेपर्यंत थांबायचं, मग नऊ किलोमीटर खड्ड्यांतून. धट्ट्याकट्ट्या माणसाचं अंग मोडतं. धनीबाई दोनदा ऑटोत बेशुद्ध पडली. राजदीप तिच्याकडून पैसे घेत नाही आणि सोमवारी-गुरुवारी सीट भरायची वाट बघत नाही, पण खड्ड्यांना तो काय करणार? मागच्या सोमवारी ती गेलीच नाही. अंगावर सूज आहे. "एक खेप चुकली त काय होते," असं म्हणते. एक खेप चुकली की काय होतं ते मी आधी पाहिलेलं आहे.

काल गुरुवार होता. खेमसिंगने समजूत घालून तिला सकाळी बसवलं. स्टूल लावलं, चढवलं, कॅटलॉगात खूण केली. संध्याकाळी ती माझ्यासमोर खिडकीशी बसली होती, डोकं गजाला टेकलेलं, तोंड राखेसारखं. टेंभुरडोह जवळ आलं तशी ती सावरून बसली. मला कळेना का.

गाडीने वेग कमी केला नाही. तिकिटघर दिसलं, कडुनिंब दिसला, आणि फलाटावर खेमसिंग. संध्याकाळी त्याचं तिथे काही काम नाही, कंत्राटातही नाही. तरी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. तिसरा डबा जिथे थांबायचा तिथे बाभळीचं स्टूल ठेवलेलं, हातात लाल कॅटलॉग उघडा, आणि त्याचं तोंड हलत होतं. चाकांच्या आवाजात ऐकू काही आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती, पहिलं नाव कुणाचं ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

धनीबाईने खिडकीतून हात बाहेर काढला आणि वर धरला. "हाजर," ती म्हणाली.

पुढचं नाव माझं होतं. माझा हात वर झाला नाही.